सातव्यांदा पडल्यावर

खेळ शिकायचा तर खेळणाऱ्याकडून शिकावा, सिनेमा बघून शिकू नये. एवढी साधी गोष्ट बाळकुम गावाला कुणी सांगितली नाही, आणि सांगितली असती तरी बाळकुमनं ती ऐकली असती असं काही नाही.

मिठागरांच्या कंपनीचा गोरा साहेब खाडीकडच्या बंगल्यात एकोणीस वर्षं राहिला. बंगल्यापुढे त्यानं हिरवळ राखली होती, म्हणजे राखली होती नाथा भोईरनं. साहेब नुसता तिच्यावर खुर्ची टाकून बसायचा. मडम आजारी पडून केव्हाच विलायतेला गेलेली, आणि लढाई लागल्यापासून पाहुणेही यायचे बंद झालेले. त्या हिरवळीवर कुणी काही खेळलेलं नाथानं कधी पाहिलं नव्हतं. तो रोज उकिडवा बसून विळ्यानं गवत कापायचा, खाऱ्या वाऱ्यानं जळलेलं उपटायचा, विहिरीचं गोडं पाणी घालायचा. एकोणीस वर्षांत त्याची पाठ जी वाकली ती वाकलीच.

साहेबाला एक नाद मात्र होता. नाताळच्या संध्याकाळी तो दोन उंच भेंडीच्या झाडांमध्ये चादर बांधायचा, हातानं फिरवायचं सिनेमाचं यंत्र मांडायचा आणि गडीमाणसांना एक मुका सिनेमा दाखवायचा. सिनेमा एकच, दरवर्षी तोच, पाव तासाचा. अशाच एका हिरवळीवर एक जाडा मिशाळ माणूस आणि एक काटकुळा माणूस लांब दांड्याच्या लाकडी मोगऱ्यांनी चेंडू टोलवत असतात. चेंडू तारेच्या कमानीतून घालवायचा. जाडा लबाडी करून तो पायानं सरकवतो. काटकुळा ते बघतो आणि त्याच्या ढुंगणावर मोगरी हाणतो. जाडा आडवा होतो, उठतो, कपडे झटकतो, टोपी उचलून सलाम करतो, आणि मग काटकुळ्याच्या टाळक्यात हाणतो. आता काटकुळा पडतो, उठतो, झटकतो, टोपी उचलतो. मधेमधे इंग्रजी अक्षरं यायची, पण ती वाचणारा एकटा साहेब, आणि तो हसून हसून डोळे पुसत असायचा, सांगणार कोण? जाडा सहा वेळा पडायचा आणि सहा वेळा उठायचा. सातव्यांदा काटकुळा मोगरी गरगरा फिरवून त्याच्या कानशिलावर बसवायचा, जाडा हातपाय पसरून आडवा व्हायचा, आणि तिथंच सिनेमाची पट्टी संपायची. पुढचा तुकडा तुटून कुठं गेला ते साहेबालाही ठाऊक नव्हतं. जाडा उठला असणार, याबद्दल बाळकुमात दुमत नव्हतं.

एकोणीसशे एकोणपन्नास साल संपता संपता साहेब मायदेशी गेला. कंपनीचा नवा माणूस येईपर्यंत बंगल्याच्या किल्ल्या नाथाकडे राहिल्या. एक दिवस जिन्याखालची लांब पेटी उघडून बघतो तो आत चार मोगऱ्या, रंगीत लाकडी चेंडू आणि तारेच्या कमानी. नाथा तिथंच खाली बसला. असलं काही चादरीबाहेर असतं असं त्याला वाटलंच नव्हतं. मग उठून तो धावत सुटला, आणि धावत गेला तो पंढरीच्या घरी.

पंढरी मिठागराचा मुकादम. चांगला आडवातिडवा, दंड असे की मीठ भरलेली दोन पोती दोन बगलेत मारून बांधावरून चालेल. दोघं लहानपणी खाडीत एकत्र डुंबलेले, एकाच मास्तरच्या हातचा मार खाऊन एकाच दिवशी शाळा सोडलेले. आणि आता तर व्याही व्हायचे होते. नाथाची शकू पंढरीच्या आनंदाला दिली होती, साखरपुडा झाला होता, वैशाखातली तिथी धरली होती.

हे लग्न नाथाला किती हवं होतं ते इथंच सांगून टाकतो. त्याची थोरली पोर खाडीपलीकडे लांब दिली होती. ती बाळंतपणात गेली आणि निरोप आला बाराव्या दिवशी, मासळीच्या होडीतून. लेकीचं तोंड तर सोडाच, तिची राखसुद्धा बापाला दिसली नाही. तेव्हापासून त्याचं देवाकडे एकच मागणं होतं, की शकू दाराबाहेर पाऊल टाकल्यावर आपल्याला दिसेल अशा घरात पडावी. पंढरीचं घर त्याच्या घरापासून तिसरं. साखरपुड्याच्या दिवशी नाथा चारचौघांत बाईमाणसासारखा रडला होता आणि त्याची त्याला लाज वाटली नव्हती.

"अरं, ह्यो तं खरा हाय," पंढरी मोगरी हातात तोलत म्हणाला. "मना वाटलं, ती समदी साहेबाची जादू."

"ये आयतवारी," नाथा म्हणाला. "तू शिनेमातला जारा, मी बारका."

झालं. रविवार दुपारपासून बाळकुमात खेळ सुरू झाला, आणि त्याचे नियम त्या चादरीवर बघितले होते तेच. पायानं चेंडू सरकवायचा, दुसऱ्यानं पकडायचं, पकडलं की हाणायचं. मार चुकवायचा नाही. पडलेल्यानं उठायचं, धोतर झटकायचं, टोपी उचलायची. टोपी उचलली म्हणजे राग नाही, आणि आता पाळी माझी. कमानीतून चेंडू गेला की नाही हे कुणी बघितलं नाही. चेंडू हे निमित्त आहे, खरा खेळ मोगरीचा, असं सगळे धरून चालले. एकोणीस वर्षं डोळ्यांनी बघितलेलं खोटं कसं असेल?

पहिल्या रविवारी दोघांनी हळूच हाणलं आणि पोट दुखेपर्यंत हसले. दुसऱ्या रविवारी बघायला गाव आलं. माणसं बघायला आली की हात आपोआप उंच जातो. तिसऱ्या रविवारी नाथाचा पुढचा दात गवतात पडला आणि तो शोधायला चारपाच जण रांगले. त्याच्या पुढच्या खेपेला पंढरीनं लाकडी चेंडू असा टोलवला की नाथाच्या अंगठ्याचं नख उभं राहिलं. नाथानं त्याला हिरवळीकडेच्या हौदात ढकलला. पंढरी तोंडात शेवाळ घेऊन वर आला, त्यानं ते पिचकारीसारखं उडवलं, टोपी उचलली आणि नाथाच्या पाठीत असा घाव घातला की मोगरीचा दांडा चिरला. लोक लोळायचे बाकी राहिले होते.

पंढरीच्या अंगात पडण्याची कला होती, हे कबूल केलं पाहिजे. तो पडायचा तेव्हा पाय वर करून पडायचा, एक तंगडी थरथरवायचा, मेल्यासारखा पडून राहायचा आणि लोक गप्प झाले की एक डोळा उघडायचा. नाथाला ते जमत नव्हतं. तो खरोखरचा पडायचा.

आणि दोघांचे तडाखेही सारखे नव्हते. व्याह्याव्याह्यांनी चेष्टा करावी ही रीतच आहे. पण वरबापानं करावी आणि पोरीच्या बापानं हसून सोसावी, हीही रीतच. नाथा मोगरी उचलायचा पूर्ण आणि खाली आणताना अर्धा जोर काढून घ्यायचा. पंढरी काढून घेत नव्हता. एकदा तर तो धोतराच्या आत पत्र्याचा तुकडा बांधून आला. नाथाची मोगरी खणकन वाजली, त्याचे हात कोपरापर्यंत झिणझिणले, गाव हसून हसून बेजार झालं, आणि पंढरीनं टोपी उचलून त्याच्या बरगड्यांत हाणली. पुढे दहा दिवस नाथाला शिंक आली तरी डोळ्यांपुढे काजवे चमकायचे.

"वरबापावर हात उगारतंस," त्याची बायको बायजा शेक देता देता म्हणाली. "माजे पोरीला नांदायचं हाय त्या घरान."

"खेल हाय त्यो. टोपी उचलली का झालं."

"मंग ह्यो काय खेल? बरगरी मोरली ती काय खेलान मोरली?"

नाथानं शेकाचं फडकं स्वतःच्या हातात घेतलं. त्याला राग येत होता, पण कुणाचा ते त्याला उमगत नव्हतं. मिठागराच्या बांधावर, पाण्यावर, पारावर, जो भेटेल तो विचारायचा, काय नाथा, या आयतवारी किती खाल्लेस? तोही हसायचा. दात नव्हता तिथून वारा आत जायचा.

हळदीला पाच दिवस राहिले असताना शेवटचा डाव ठरला. कोलशेतहून, ढोकाळीहून बैलगाड्या करून माणसं आली. हिरवळीभोवती उभं राहायला जागा नव्हती. लोक पंढरीचं पडणं मोठ्यानं मोजू लागले. एक म्हणताना टाळ्या, दोन म्हणताना शिट्ट्या. नाथाचं पडणं कुणी मोजत नव्हतं. त्याची भुवई फुटली होती आणि एका डोळ्यात रक्त उतरलं होतं. पंढरी सहाव्यांदा पडला, तंगडी थरथरवून उठला, आणि त्यानं टोपी उचलून नाथाच्या मांडीत असा घाव घातला की नाथा गुडघ्यावर आला. तेवढ्यात शकू पाण्याची कळशी घेऊन भेंडीखाली येऊन उभी राहिली. घरी बायका हळद कुटत होत्या. तिला पाणी द्यायला पाठवलं होतं.

पंढरीनं आपला चेंडू सगळ्यांदेखत पायानं सरकवला. लपवूनही नाही.

"बग," तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, लोकांकडे बघत. "पायानं सरकवला. काय करशी? पोरीचा बाप तू. लगनान माजे पाय धुवाचे हायत तुना. आतापासून वाक, म्हंजे सवय व्हईल."

गाव हसलं. आनंदाही हसला, जावई व्हायचा पोर. नाथानं शकूकडे पाहिलं. ती हसत नव्हती. तिनं कळशी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती आणि मान खाली घातली होती. बापाच्या जागी तिलाच लाज वाटत होती, हे नाथाला दिसलं, आणि इतके दिवस कुणाचा येतोय ते न कळणारा राग कुणाचा आहे ते त्याला एकदम कळलं. वाकण्याचा राग होता तो. साहेबापुढे वाकला, गवतापुढे वाकला, आता मित्रापुढे वाकायचं, तेही पोरीच्या डोळ्यांदेखत.

त्यानं मोगरी गरगरा फिरवली. या वेळी जोर काढून घेतला नाही.

आवाज मोठा झाला नाही. ओल्या मिठाचं पोतं बांधावर टाकावं तसा पंढरी पडला, आणि लोकांनी एका आवाजात आरोळी दिली, "सात!"

नाथानं टोपी हातात घेतली आणि वाट बघत उभा राहिला. पंढरीची डावी तंगडी थरथरली. हशा पिकला. सोंग चांगलं वठलंय म्हणून कुणीतरी टाळ्या पिटल्या. पंढरी पडून राहिला, लोक मुद्दाम गप्प झाले, कारण गप्प झालं की तो डोळा उघडतो हे सगळ्यांना पाठ होतं. मग कुणाला तरी खुदकन हसू फुटलं आणि पुन्हा सगळे हसले. सगळ्यांत जास्त वेळ आनंदा हसत होता. बापानं आज सिनेमालासुद्धा मागं टाकलं, असं तो शेजाऱ्याला सांगत होता. नाथाही टोपी हातात धरून ओठांतल्या ओठांत म्हणत होता, उठ, उठ. पंढरीच्या कानातून काळसर रक्त येऊन गवतात मुरत होतं. एकोणीस वर्षं नाथानं त्या गवतात गोड्या पाण्याशिवाय काही पडू दिलं नव्हतं.

शकू कळशी टाकून पुढे आली आणि वाकून बघून म्हणाली, "बाबा, ते उठत नाय."

मग हसणं थांबलं.

बंगल्याचं दार बिजागरीतून काढून त्याच्यावर पंढरीला घातला आणि बैलगाडीतून ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात नेला. हवालदार येऊन विचारून गेला. खेळताना पडला, असं गावानं सांगितलं आणि ते खोटंही नव्हतं. बाराव्या दिवशी निरोप आला तेव्हा नाथानं कानांवर हात ठेवले, कारण बारावा दिवस त्याला माहीत होता. पण निरोप चांगला होता. पंढरी जगला होता. घरी आणला तेव्हा त्याचं उजवं अंग लुळं होतं, तोंड एका बाजूला ओढलेलं होतं आणि वाचा गेली होती. तो ओठ हलवायचा, भुवया उडवायचा, जीव तोडून काहीतरी सांगायचा, आणि आवाज येत नव्हता. त्या चादरीवरच्या माणसांसारखा. फक्त आता हसायला कुणी नव्हतं.

लग्नाची तिथी टळून गेली. पंढरीची बायको ठमाबाई सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाली, "ज्यानं माजा मानूस आरवा केला त्याची पोर माजे घरान नको." तिला नावं कोण ठेवणार? कुटलेली हळद मडक्यात तशीच राहिली. बायजा नवऱ्याशी बोलेना. शकू रडली नाही, तिनं दाराबाहेर येणं तेवढं बंद केलं. जी पोर तिसऱ्या घराच्या दारात दिसावी म्हणून सारा आटापिटा, ती आता स्वतःच्या दारातही दिसेना.

नाथानं आठ दिवस विचार केला. विचार म्हणजे तरी काय, त्यानं तो सिनेमा पहिल्यापासून मनात चालवून बघितला. आणि त्याच्या लक्षात आलं की डाव संपलाच नाही. पडलेल्यानं टोपी उचलायची आहे, आणि पाळी त्याची आहे.

रविवारी सकाळी तो मोगरी घेऊन पंढरीच्या अंगणात गेला. आळीतली माणसं दारादारांत येऊन उभी राहिली. पंढरी ओट्यावर भिंतीला टेकवून बसवलेला होता, डोक्यावर टोपी होती. नाथानं मोगरी त्याच्या मांडीवर ठेवली.

"पंढरी, तुजी पाली हाय," तो म्हणाला आणि त्याच्यापुढे वाकला.

आनंदा पुढे आला. पंढरीनं डाव्या हातानं त्याला बाजूला सारलं. त्यानं मोगरीकडे बराच वेळ पाहिलं. मग डाव्याच हातानं आपल्या लुळ्या गुडघ्यावरचं धोतर झटकलं, एकदा, दोनदा. मग टोपी उचलली आणि पुन्हा डोक्यावर ठेवली. नाथानं डोळे मिटले. हा लाडाचा टोला नसणार, हे त्याला टोपीवरूनच कळलं. तो हलला मात्र नाही, कारण मार चुकवायचा नाही.

पोती उचललेला हात, डावा असला तरी पंढरीचाच. मोगरी मानेशी बसली आणि खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज तिसऱ्या घरापर्यंत गेला. नाथा शेणानं सारवलेल्या जमिनीवर तोंडावर पडला. कुणी हसलं नाही. कुणी मोजलं नाही. हात कुठं आहे ते त्याला कळत नव्हतं, तोंडात शेणमाती गेली होती, आणि असंच पडून राहावं, आता पुरे, असं त्याला अगदी मनापासून वाटलं. पण इथं पट्टी संपून चालणार नव्हतं. त्यानं एक गुडघा घेतला, मग दुसरा. ठमाबाई पदर तोंडाशी धरून बघत होती. तो उभा राहिला, पुन्हा बसला, पुन्हा उभा राहिला. चालत्या हातानं त्यानं धोतर झटकलं आणि टोपी उचलली.

पंढरीनं तोंड उघडलं. त्याचे खांदे हलू लागले, पोट हलू लागलं, डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. तो हसत होता. पोट दुखेपर्यंत, पहिल्या रविवारी हसला होता तसा, आणि आवाज कसला तो नाही.

ठमाबाईनं पदर खाली घेतला. "पावसाचे आदी लगीन उरका," ती म्हणाली आणि आत गेली.

ज्येष्ठाच्या पहिल्या आठवड्यात लग्न लागलं. लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारणीनं धवळे गायले, सुकत चाललेली हळद पाण्यात कालवून लावली. नाथानं एका हातानं जावयाचे पाय धुतले आणि मग कुणी न सांगता पंढरीचेही धुतले, आधी डावा आणि मग ज्याला पाणी लागल्याचं कळत नव्हतं तो उजवा. मोगऱ्या त्यानं खांदा मोडला त्याच दिवशी चुलीत घातल्या होत्या. हिरवळीला पाणी घालायला तो पुन्हा गेला नाही.

आता शकू तिसऱ्या घरात आहे. रोज सकाळी ती सासऱ्याला धरून ओट्यावर आणते, गळ्याभोवती फडकं बांधते आणि चमच्यानं पेज भरवते. ओढलेल्या बाजूनं पेज बाहेर येते, ती पुसते, पुन्हा भरवते. नाथाला आपल्या दारातून सगळं स्वच्छ दिसतं. एक दिवस न राहवून तो उठून गेला आणि वाटी धरायला त्यानं हात पुढे केला. पंढरीनं त्याला पाहिलं मात्र, त्याचे खांदे हलू लागले.

"बाबा, तुमी घरा जा," शकू वर न बघता म्हणाली. "तुमाला बगला का ते हसतान, मंग पेज सांडते."

नाथा परत येऊन आपल्या दारात बसला.